न पुसली जाणारी डिस्क

एसएसडीवरची फाइल पुसली, की ती खरोखर पुसली जाते का, हा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या मायकेल वेइ, लॉरा ग्रप, फ्रेडरिक स्पाडा आणि स्टीव्हन स्वान्सन यांनी २०११ साली हाती घेतला. उत्तर त्यांनी संगणकाकडून मागितले नाही, कारण संगणक ‘पुसली’ असेच सांगणार होता. त्यांनी ड्राइव्ह उघडले, आतल्या मेमरी चिप सुट्या केल्या आणि त्या थेट वाचणारे यंत्र स्वतः बांधले. एका प्रयोगात त्यांनी एसएसडीवर एक हजार छोट्या फाइली लिहिल्या आणि मग चिपमध्ये त्यांचा मजकूर शोधला. काही फाइलींच्या जुन्या प्रती सोळापर्यंत निघाल्या. संगणकाला त्यातली एकच प्रत दिसत होती.

पुढचा निष्कर्ष अधिक गंभीर होता. एकच फाइल कायमची नष्ट करायची म्हणून तिच्यावर पुन्हा पुन्हा निरर्थक माहिती लिहिणाऱ्या ज्या पद्धती तेव्हा प्रचलित होत्या, त्या साऱ्या त्यांनी तपासल्या. एकही टिकली नाही. पद्धतीनुसार फाइलीचा चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत मजकूर चिपमध्ये शाबूत राहिला होता. ड्राइव्हमध्येच असलेली ‘सगळे पुसा’ ही आज्ञाही काही ड्राइव्हनी नीट पाळली नाही. एका ड्राइव्हने तर काम फत्ते झाल्याचे कळवले आणि आतली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवली.

या प्रयोगाकडे मी वारंवार वळतो, कारण एसएसडीवर पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट का करायची याचे खरे उत्तर त्यात आहे. लॅपटॉप चोरीला जाईल, हे नेहमीचे कारण आहे आणि ते बरोबरच आहे. पण हार्ड डिस्कच्या काळात माणसाच्या हाती एक दुसरा उपायही होता: लिहिलेले नको झाले की त्याच जागी दुसरे लिहायचे. एसएसडीने तो उपाय काढून घेतला. आता नष्ट करता येण्यासारखी एकच गोष्ट आपल्याकडे उरते, ती म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली. आणि किल्लीचा उपयोग व्हायचा तर ड्राइव्हवर पहिले अक्षर उमटण्याआधी ती तयार असावी लागते.

असे का होते, हे समजायला फ्लॅश मेमरीचा स्वभाव पाहावा लागतो. तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही मेमरी घडवली. आपल्या एसएसडीत असतो तो नँड प्रकार १९८७ साली जगापुढे आला. यात माहिती अतिसूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपाने राहते. लिहिण्याचे एकक लहान असते. त्याला पेज म्हणतात आणि ते काही किलोबाइटचे असते. पुसण्याचे एकक मात्र मोठे. शेकडो पेज मिळून एक ब्लॉक होतो, आणि पुसायचा तर अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. एकदा लिहिलेल्या पेजवर पुन्हा लिहिता येत नाही. शिवाय प्रत्येक पुसण्याने ब्लॉक थोडा झिजतो. घरगुती एसएसडीत सर्रास असणाऱ्या टीएलसी प्रकारच्या चिप साधारण एक ते तीन हजार वेळा पुसणे सोसतात.

आता समजा, एखाद्या पत्रातला एक शब्द बदलून तुम्ही ते सेव्ह केले. तेवढ्यासाठी अख्खा ब्लॉक उचलायचा, पुसायचा आणि पुन्हा भरायचा, असे केले तर ड्राइव्ह मंदही होईल आणि लवकर मरेलही. म्हणून एसएसडीतला कंट्रोलर, म्हणजे तिचा स्वतःचा छोटा संगणक, नवा मजकूर दुसऱ्याच रिकाम्या पेजवर लिहितो आणि ‘अमुक क्रमांकाचा सेक्टर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी डिस्कचा एक लहान तुकडा) आता इथे आहे’ अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. जुने पेज रद्द म्हणून सोडून दिले जाते. ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतो तो फक्त तक्ता. सातबाऱ्यावरचे नाव बदलले म्हणून शेतातले उभे पीक नाहीसे होत नाही, तसाच जुना मजकूर चिपमध्ये उभा राहतो. कंट्रोलरला तो ब्लॉक मोकळा करावासा वाटेपर्यंत. सगळे ब्लॉक सारखे झिजावेत म्हणून कंट्रोलर मजकूर अधूनमधून स्वतःहून हलवतो, तेव्हा आणखी प्रती तयार होतात. खराब झालेले ब्लॉक तो वापरातून काढतो, आणि काढताना त्यात जे होते ते तिथेच राहते. ड्राइव्हच्या पेटीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा आतली मेमरी जास्त असते. सॅन दिएगोच्या संशोधकांनी हा फरक सहा ते पंचवीस टक्के असल्याचे नोंदवले आहे. या राखीव भागापर्यंत वापरणाऱ्याचा हात पोहोचत नाही.

पीटर गटमन यांनी १९९६ साली चुंबकी डिस्कवर पस्तीस वेळा वेगवेगळे आकृतिबंध लिहिण्याची पद्धत मांडली होती, आणि तिचा सल्ला आजही कोणी ना कोणी देत असतो. एसएसडीवर ती निरुपयोगी तर आहेच, वर ड्राइव्हचे आयुष्यही खाते.

एन्क्रिप्शन या सगळ्या गोंधळाच्या अलीकडे उभे राहते. ऑपरेटिंग सिस्टिम सेक्टर ड्राइव्हकडे पाठवते, त्याच्या आधीच तो किल्लीने कूटबद्ध झालेला असतो. त्यासाठी आज जवळपास सगळीकडे एईएस हीच रीत वापरली जाते. योआन डेमन आणि व्हिन्सेंट रेयमेन या दोन बेल्जियन कूटलेखनतज्ज्ञांनी ती रचली आणि अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने २००१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. डिस्कसाठी तिची एक्सटीएस ही पद्धत २००७ च्या प्रमाणकातून आली. तिची एक खुबी इथे महत्त्वाची आहे. ती सेक्टरचा क्रमांकही गणितात मिसळते, त्यामुळे एकच मजकूर दोन जागी लिहिला तरी बाहेरून दोन्ही वेगळे दिसतात. आणि सेक्टरचा आकार तिळमात्र वाढत नाही: चार हजार शहाण्णव बाइट आत जातात, तेवढेच बाहेर येतात. यानंतर कंट्रोलरने सोळा प्रती करू देत की सोळाशे. त्या सगळ्या किल्लीवाचून कचरा आहेत. राखीव भागात अडकलेली, खराब ब्लॉकमध्ये विसरलेली प्रतही तशीच.

म्हणजे प्रश्न किल्लीपाशी येऊन थांबला. आपण टाइप करतो तो पासवर्ड ही खरी किल्ली नव्हे. खरी किल्ली संगणक स्वतः यादृच्छिक आकड्यांतून बनवतो आणि तिच्यानेच सगळी डिस्क कूटबद्ध होते. ही मूळ किल्ली पासवर्डच्या कुलपात बंद करून डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, हेडरमध्ये, ठेवलेली असते. या रचनेचा फायदा उघड आहे: पासवर्ड बदलायचा तर एक टेराबाइट मजकूर पुन्हा कूटबद्ध करावा लागत नाही, फक्त ते छोटे कुलूप बदलते.

पण हेडरही शेवटी त्याच ड्राइव्हवर लिहिलेला असतो. पासवर्ड बदलला की नवा हेडर नव्या पेजवर जातो. जुन्या पासवर्डचे कुलूप लावलेली मूळ किल्ली जुन्या पेजवर पडून राहू शकते. लिनक्समधली एलयूकेएस ही रचना करणाऱ्या क्लेमेन्स फ्रूहवर्थ यांना असल्या धोक्याची जाणीव वीस वर्षांपूर्वीच होती. हार्ड डिस्कही खराब सेक्टर गुपचूप बाजूला काढते, आणि किल्लीसारखा इवलासा तुकडा नेमका त्या सेक्टरात अडकू शकतो. म्हणून त्यांनी किल्ली जवळजवळ चार हजारपट फुगवून लिहिण्याची युक्ती योजली. या फुगवलेल्या मजकुरातला कुठलाही लहानसा भाग नष्ट झाला की किल्ली परत जुळवता येत नाही. हार्ड डिस्कसाठी ही युक्ती फार सुंदर आहे. एसएसडीवर मात्र तिचे गृहीतकच ढासळते, कारण इथे एखादा तुकडा नव्हे, तर फुगवलेली अख्खी जुनी प्रत एकसंध राहून जाण्याची शक्यता असते.

यावरून व्यवहारात एक गोष्ट ठरते. पासवर्ड दुसऱ्या कोणाला कळला असेल, तर एसएसडीवर नुसता पासवर्ड बदलणे पुरेसे मानू नये. मूळ किल्लीच बदलावी, म्हणजे सगळी डिस्क नव्याने कूटबद्ध करावी. हेडरची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवली असेल तर तिलाही हेच लागू आहे. त्या प्रतीला जुना पासवर्ड अजून लागतो. वेळ जातो, पण तो दिला पाहिजे.

इथे कोणीही विचारेल, की एसएसडी स्वतःच एन्क्रिप्शन करत असेल तर हा व्याप कशाला? बाजारातल्या बऱ्याच एसएसडी आपल्या आत सगळे काही कूटबद्ध करूनच लिहितात. किल्ली कंट्रोलरकडे असते, प्रोसेसरवर भार पडत नाही, आणि सगळे पुसायचे तर ड्राइव्हने आपली किल्ली तेवढी फेकून द्यायची, काही सेकंदांचे काम. अमेरिकेच्या त्याच प्रमाण संस्थेने २०१४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत, काही अटी घालून, या रीतीला मान्यताही दिली आहे. कागदावर याहून नेटकी व्यवस्था नाही. सॅन दिएगोच्या चमूने मात्र २०११ मध्येच बजावले होते, की ड्राइव्ह आपली किल्ली खरोखर पुसतो असे गृहीत धरणे फाजील आशावादाचे आहे.

सात वर्षांनी ते खरे ठरले. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातले कार्लो मेयर आणि बर्नार्ड फान गास्टेल यांनी क्रुशियल आणि सॅमसंग या दोन मोठ्या कंपन्यांच्या काही लोकप्रिय एसएसडींचे फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, उकलून वाचले. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी कंपन्यांना कळवले आणि नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष जाहीर केले. काही ड्राइव्हमध्ये पासवर्ड आणि किल्ली यांचा गणिती संबंधच नव्हता. फर्मवेअर पासवर्ड फक्त ताडून पाहत होते: जुळला तर उघडा, नाही तर नाही. किल्ली आत तयारच होती. मग चिपला तारा जोडून ताडून पाहणारी तेवढी पायरी बदलली, की कुठलाही पासवर्ड चालत होता. एका ड्राइव्हमध्ये मुख्य पासवर्ड मुळातच कोरा होता. आणि सॅमसंगच्या ८४० ईव्हीओ या ड्राइव्हमध्ये जे निघाले, ते या लेखाच्या विषयाचे सार आहे. त्यात किल्ली ठेवण्याची जागाही सारखी झीज साधण्याच्या खेळात सामील होती. वापरणाऱ्याने पासवर्ड लावल्यावर किल्लीची कुलूपबंद प्रत नव्या जागी लिहिली गेली, आणि पासवर्ड लावण्याआधीची उघडी प्रत जुन्या जागी तशीच राहू शकत होती. ड्राइव्हला आपलीच किल्ली पुसता येत नव्हती.

याचा फटका दूरवर बसला. विंडोजमधले डिस्क एन्क्रिप्शनचे साधन बिटलॉकर त्या काळी ड्राइव्हला विचारत असे, तुला एन्क्रिप्शन येते का? येते म्हटले की सगळे काम त्याच्यावर सोपवून स्वतः बाजूला होत असे. म्हणजे बिटलॉकर चालू आहे असे मानणाऱ्या काही संगणकांचे रक्षण प्रत्यक्षात त्या सदोष फर्मवेअरच्या हाती होते. मायक्रोसॉफ्टने लगेच सूचनापत्रक काढले आणि सप्टेंबर २०१९ च्या अपडेटपासून हा नियम उलटा केला: ड्राइव्ह काहीही सांगो, बिटलॉकर आता आपले एन्क्रिप्शन आपणच करते. सॅमसंगनेही संगणकाच्या आत बसवलेल्या ड्राइव्हसाठी सॉफ्टवेअरचे एन्क्रिप्शन वापरण्याचा सल्ला दिला. पण आधीच चालू असलेल्या एन्क्रिप्शनला मायक्रोसॉफ्टचा तो बदल लागू झाला नाही. ज्याचा संगणक त्याआधीपासून बिटलॉकरखाली आहे, त्याने एकदा स्थिती तपासावी. एन्क्रिप्शनच्या पद्धतीपुढे ‘एक्सटीएस-एईएस’ दिसले तर ठीक. ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’ दिसले तर बिटलॉकर पूर्ण बंद करून, मजकूर उलगडू देऊन, पुन्हा चालू करावे.

माझे मत यात स्पष्ट आहे. एन्क्रिप्शन अशा ठिकाणी व्हावे जिथे चार जाणकारांना ते वाचून पाहता येते. लिनक्समधला डिस्क एन्क्रिप्ट करणारा डीएम-क्रिप्ट हा भाग उघड्यावर आहे. जगभरचे लोक त्यात खोट काढतात आणि ती दुरुस्त होते. ड्राइव्हचे फर्मवेअर बंद पेटीत असते. कंपन्या वाईट हेतूने चुका करतात असे मला म्हणायचे नाही. २०१२ साली इंटेलने स्वतःच जाहीर केले होते, की त्यांच्या ५२० मालिकेतल्या ड्राइव्हमधला बाहेरून घेतलेला कंट्रोलर २५६ बिटच्या किल्लीचे काम करतो असे सांगितले गेले, पण तो प्रत्यक्षात १२८ बिटचेच करतो. ड्राइव्ह परत घेण्याची तयारीही त्यांनी दाखवली. १२८ बिटही भक्कमच. पण पेटीवर जे लिहिले ते आत आहे की नाही हे खुद्द विकणाऱ्यालाही उशिरा कळले, तर घेणाऱ्याला कसे कळावे?

ॲपलचे संगणक या चर्चेत थोडे वेगळे बसतात. २०१७ पासून आलेल्या टी२ चिपमध्ये आणि पुढच्या एम मालिकेत एन्क्रिप्शन हार्डवेअरच करते, पण किल्ल्यांचा सांभाळ एसएसडीच्या कंट्रोलरकडे नसून त्याच चिपमधल्या एका वेगळ्या, कडेकोट भागाकडे असतो. तिथे फाइलव्हॉल्ट, म्हणजे ॲपलचे डिस्क एन्क्रिप्शन, चालू करणे क्षणाचे काम आहे, कारण मजकूर आधीपासूनच कूटबद्ध आहे. फक्त किल्ली तुमच्या पासवर्डला बांधली जाते.

वेगाची आणि झिजेची भीती मात्र मला बहुतांशी जुनी वाटते. २०१० पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना आल्या आणि एकेक गाभा सेकंदाला गिगाबाइटांच्या हिशेबात मजकूर कूटबद्ध करू लागला. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास थांबते. तिच्यासाठी हे भरपूर आहे. त्या काळात सँडफोर्सचे कंट्रोलर असलेल्या एसएसडी एन्क्रिप्शनने खरोखर मंदावत, कारण मजकूर दाबून लहान करून लिहिण्यावर त्यांचा वेग बेतलेला होता, आणि कूटबद्ध मजकूर दाबला जात नाही. आजच्या अतिवेगवान एनव्हीएमई ड्राइव्हवर वेगमापनाच्या चाचण्यांत फरक दिसतो, रोजच्या कामात तो सहसा जाणवत नाही.

इथे एक हकिगत सांगायलाच हवी, कारण हार्ड डिस्कचे गृहीतक किती खोल मुरलेले असते हे तिच्यातून दिसते. क्लाउडफ्लेअर कंपनीतल्या इग्नात कोर्चागिन यांना २०२० साली आढळले, की लिनक्सचे डिस्क एन्क्रिप्शन अपेक्षेपेक्षा फार मंद आहे, आणि दोष गणिताचा नाही. डीएम-क्रिप्ट येणारी कामे रांगांमध्ये लावत होते आणि लिहिण्याची कामे सेक्टरच्या क्रमाने मांडत होते, फिरत्या तबकडीवरच्या काट्याला कमी हेलपाटे पडावेत म्हणून. एसएसडीत ना तबकडी ना काटा. त्या रांगा वगळल्यावर त्यांच्या चाचणीत वेग दुपटीच्या वर गेला. तो पर्याय त्याच वर्षी लिनक्सच्या ५.९ आवृत्तीत आला.

झिजेचा हिशेब सोपा आहे. कूटबद्ध सेक्टर मूळ सेक्टरएवढाच असतो, म्हणून रोजच्या वापरात जास्तीचे लिखाण होत नाही. वापरात असलेला एक टेराबाइटचा ड्राइव्ह एकदा संपूर्ण कूटबद्ध केला तर एक टेराबाइट लिखाण होते. या आकाराच्या साध्या एसएसडीची हमी बहुधा सहाशे टेराबाइटच्या आसपासची असते. सहाशेतला एक भाग, तोही एकदाच.

ट्रिमचा मुद्दा जरा नाजूक आहे. फाइल पुसल्यावर ‘हे सेक्टर आता मोकळे’ असे ऑपरेटिंग सिस्टिम एसएसडीला ज्या आज्ञेने सांगते ती ट्रिम. ती मिळाली तर कंट्रोलरला काम सोपे जाते आणि ड्राइव्ह तजेलदार राहतो. पण मोकळा भाग आणि भरलेला भाग बाहेरून वेगळा दिसू लागतो. डिस्क किती भरली आहे, फाइल सिस्टिम कोणत्या प्रकारची असावी, याचा अंदाज परक्याला येऊ शकतो. मजकूर मात्र कळत नाही. डीएम-क्रिप्ट म्हणूनच ट्रिम आपणहून पुढे पाठवत नाही, सांगावे लागते, बिटलॉकर पाठवते. कूटबद्ध मजकूर अस्तित्वात आहे हेच लपवायचे असेल, तर ट्रिम बंद ठेवावी, आणि खरे तर त्या कामासाठी एसएसडीच वापरू नये. बाकी सगळ्यांनी, म्हणजे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने, सीएच्या कार्यालयाने, विद्यार्थ्याने, ती चालू ठेवावी. नाही तर कंट्रोलरच्या लेखी ड्राइव्ह कायम भरलेला राहतो आणि त्याचे हलवाहलवीचे काम वाढते.

पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन कशापासून वाचवत नाही, हेही नीट समजून घ्यावे. संगणक चालू असताना किल्ली मेमरीत असते, त्यामुळे आत शिरलेल्या व्हायरसला मजकूर उघडाच दिसतो. झाकण मिटून झोपवलेल्या लॅपटॉपमध्येही किल्ली मेमरीतच राहते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली धूळ उडवण्याचा फवारा उलटा धरून मेमरीच्या चिप उणे पन्नास अंशांपर्यंत गार केल्या आणि वीज गेल्यावरही त्यांतून किल्ल्या वाचून दाखवल्या. प्रवासात लॅपटॉप पूर्ण बंद करावा, तो याचसाठी. बिटलॉकर बहुतेक ठिकाणी किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपकडून आपोआप घेते आणि सुरू होताना काही विचारत नाही. काही लॅपटॉपमध्ये ही चिप प्रोसेसरपासून वेगळी बसवलेली असते, आणि दोघांमधल्या तारांवरून जाणारी किल्ली काही शे रुपयांच्या सर्किटने मिनिटभरात टिपता येते हे २०२४ मध्ये जाहीरपणे दाखवले गेले. ज्याच्याकडे इतरांची माहिती आहे त्याने सुरू होतानाचा पिन लावावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. पण कायद्याचे भय नसते तरी, रुग्णाचा अहवाल किंवा अशिलाची कागदपत्रे ज्याने विश्वासाने सोपवली त्याचे आपण देणे लागतो.

सर्वसामान्य माणसाला चोरापेक्षा जास्त नडते ती हरवलेली किल्ली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकात, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की, एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. अनेकांना ते सुरू आहे हेच माहीत नसते. मग एके दिवशी बायोस अपडेट होते किंवा मदरबोर्ड बदलला जातो, आणि पडदा अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले ते याच दिवशी. त्या संगणकांतली सदोष फाइल काढणे अवघड नव्हते. पण जिथे बिटलॉकर होते, तिथे बिघडलेल्या संगणकाच्या डिस्कमध्ये शिरायला आधी तो अठ्ठेचाळीस आकडी क्रमांक हवा होता. काही संस्थांनी ते क्रमांक ज्या सर्व्हरवर जपले होते, तेही त्याच अपडेटने बंद पडले होते.

म्हणून ही रिकव्हरी की आजच शोधावी. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ती दिसते. ती कागदावर उतरवून मृत्युपत्र किंवा मालमत्तेचे कागद जिथे ठेवतो तिथे ठेवावी, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती जागा सांगावी. कर्त्या माणसाच्या पश्चात लॅपटॉपमधले फोटो, विम्याचे तपशील, अर्धवट हिशेब कायमचे बंद होऊन बसले, तर कोणीही ते काढून देऊ शकणार नाही. हार्ड डिस्कमधला मजकूर परत मिळवून देणाऱ्यांनी पूर्वी अनेकांना तारले आहे. कूटबद्ध एसएसडीपुढे त्यांचा इलाज चालत नाही. हेडरवर एखादी चुकीची आज्ञा चालली तरी सगळे संपते. वेगळ्या डिस्कवर बॅकअप, आणि तोही कूटबद्ध, याला पर्याय नाही.

राहिला प्रश्न दोन-तीन वर्षे उघडीच वापरलेल्या एसएसडीचा. एन्क्रिप्शन आता सुरू केले तरी चालेल. फक्त बिटलॉकर विचारते तेव्हा ‘वापरलेली जागाच’ हा पर्याय न घेता ‘संपूर्ण ड्राइव्ह’ घ्यावा, कारण पहिला पर्याय नव्या कोऱ्या ड्राइव्हसाठी आहे. तरीही राखीव भागात जुना उघडा मजकूर राहू शकतो. मजकूर नाजूक असेल तर आधी सगळे बॅकअपमध्ये घ्यावे, मग ड्राइव्हच्या कंपनीच्या साधनाने किंवा बायोसमधून त्याला स्वतःला पुसण्याची आज्ञा द्यावी, मग एन्क्रिप्शन सुरू करून मजकूर परत आणावा. एक्स्चेंजमध्ये लॅपटॉप देताना पहिल्या दिवसापासून कूटबद्ध असलेला ड्राइव्ह अशा एका आज्ञेनंतर निर्धास्तपणे देता येतो. कधीच कूटबद्ध नसलेला, आणि ज्यात दुसऱ्यांची कागदपत्रे होती असा ड्राइव्ह मी विकणार नाही, कोणाला विकूही देणार नाही. तो फोडायचा ठरला तर हार्ड डिस्कला मधोमध भोक पाडतात तसे करून भागत नाही. एसएसडीच्या पट्टीवर मेमरीच्या दोन, चार, कधी आठ चिप असतात, कधी दोन्ही बाजूंना. त्यातली प्रत्येक चिप फुटायला हवी, नुसती पट्टी मोडून उपयोग नाही.